अपस्मारातला ‘स्मर’

प्रश्न असा आला आहे: “अपस्मार म्हणजे फेफरं, फीट. मग त्यात ‘स्मर’ कशाला? फीट येण्याचा आणि विसरण्याचा काय संबंध? आणि नुसत्या विसराळू माणसाला अपस्मारी म्हणता येईल का?”

शेवटचं आधी सांगतो: नाही. चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधणारा तो विसरभोळाच. मराठीत अपस्मार म्हणजे फेफरंच.

फोड सोपी आहे. अप म्हणजे दूर (अपहरणातला), आणि पुढे स्मृ धातू. चरकसंहितेत व्याख्याच दिली आहे, ‘स्मृतेरपगमं प्राहुरपस्मारं भिषग्विदः’. स्मृती निघून जाण्याला जाणकार वैद्य अपस्मार म्हणतात. लगेच पुढे ‘तमःप्रवेश’ येतो, अंधारात शिरणं. त्यामुळे ही स्मृती पाढे पाठ असण्यातली नव्हे, आपण जिला शुद्ध किंवा भान म्हणतो तिच्या जवळची आहे, असं मला वाटतं. गीतेतला ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः’ हाही क्रोधापायी भान सुटण्याबद्दलचा. तोच स्मृतिभ्रंश आज आपण म्हातारपणीच्या डिमेन्शियाला लावतो.

शब्दापुरतं उत्तर इथे संपलं. पण ‘स्मर’चा आजचा अर्थ, म्हणजे आठवण, तोही या आजाराला लागू पडतो. त्यासाठी आपण सरमिसळ करून वापरतो ती क्रियापदं वेगळी करावी लागतात.

शुद्ध हरपणारी फीट येऊन गेल्यावर माणूस म्हणतो, “काय झालं ते विसरलो.” विसरायला आधी नोंद हवी ना! त्या दोन मिनिटांची नोंदच झालेली नसते. (प्रत्येक फिटेत शुद्ध जातेच असं नाही. काहींना आपला हात उडताना दिसतो आणि नंतर सांगताही येतं.)

‘लक्षात न राहणं’ त्याहून वेगळं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या फिटा आटोक्यात येईनात, म्हणून 1953 साली मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी नोंदवायला लागणाऱ्या भागाचा) बराचसा अंश शस्त्रक्रियेने काढला. फिटा कमी झाल्या, लहानपणच्या गोष्टीही आठवत. मात्र भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला की त्यांच्यासाठी नवखाच. 2008 साली ते वारले, तोवर हे असंच चाललं. आठवणी मेंदूत कशा साठतात याचं बरंचसं ज्ञान या एका माणसामुळे मिळालं.

आणि तिसरं, खरंखुरं विसरणं. माझ्या मावसभावाचा अपस्मार कानशिलाआतल्या टेम्पोरल लोबमधून उठणारा. तपासणीत त्याला शब्दांची यादी वाचून दाखवली, अर्ध्या तासाने विचारली, त्याने धडाधड सांगितली. “स्मरणशक्ती उत्तम,” असा शेरा मिळाला. घरचे मात्र म्हणत होते की गेल्या महिन्यातलं याला काही सांगता येत नाही. दोन्ही खरं होतं. काही रुग्णांची आठवण नीट नोंदली जाते, तासाभराने शाबूत असते, आणि पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत इतरांपेक्षा फार लवकर नाहीशी होते. अर्ध्या तासाच्या चाचणीत ते कसं सापडणार? तीन आठवड्यांनी पुन्हा फोन करून विचारलं तरच कळेल.

याला ‘वेगवान दीर्घकालीन विस्मरण’ म्हणावं, असं कुणी सुचवेल. अर्थ बरोबर आहे, पण तोंडात बसत नाही. मी ‘आठवण विरणं’ म्हणेन. धोतर विरतं तसं: फाटलेलं नसतं, भोक कुठे पडलं ते दाखवता येत नाही, आणि एक दिवस उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं.

भाचीच्या लग्नाहून परतल्यावर त्याच रात्री त्याने जेवणावळीतली फजिती रंगवून सांगितली होती, आम्ही हसून बेजार. दीड महिन्याने अल्बम आला. पंगतीतल्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “शर्ट माझाच आहे.”