व्हॉलीबॉल खेळताना तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. कोणता अँकल सपोर्ट घ्यावा?

वर्षात तीनदा उजवा घोटा मुरगळला, एक्स-रे साफ, दर वेळी तीन आठवडे आराम, तरी ब्लॉकवरून (नेटशी उडी मारून समोरचा फटका अडवल्यावर) खाली येताना पाय वळतोच, असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय काय, तर सपोर्ट कोणता. सांगतो, पण आधी तो तीन आठवड्यांचा आराम.

आरामाने सूज उतरते, दुखणं थांबतं. घोट्याचा तोल त्याने परत येत नाही. लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) ताणला की पाय नेमका कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूकडे नीट पोचत नाही, आणि पाऊल आत वळू न देणारे नडगीच्या बाहेरचे पेरोनियल स्नायू सुस्तावतात. पाय मुरगळायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मुरगळायला लागल्यावर स्नायू जागा होऊन उपयोग नाही, पाय टेकण्याआधीच तो ताठ हवा. हे त्याला शिकवावं लागतं. ‘अजून पंधरा दिवस बस’ म्हणणाऱ्या सगळ्या सीनियर मंडळींशी माझं भांडण इथे आहे. आंबेहळदीचा लेप खुशाल लावा, पण तो तोल शिकवत नाही. ताज्या सुजेवर दाबून मालिश तर नकोच.

आधी मोजा. भिंतीसमोर पाऊल सरळ ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा जास्तीत जास्त किती मागे नेता येतो ते पाहा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. रोज याच हालचालीचे पंधरा-वीस झोके द्या. मग एका पायावर टाच उचलणं. चांगला पाय पंचवीस वेळा उचलत असेल आणि दुखरा बारावर थांबत असेल, तर उडी मारायचा विषयच नको.

पेरोनियलसाठी सायकलची जुनी ट्यूब पुरते. पावलाला अडकवून पाऊल बाहेर ओढा आणि तीन सेकंद घेत सावकाश परत आणा. पंधराचे तीन सेट. बहुतेक जण पाऊल न हलवता गुडघ्यासकट सगळा पाय फिरवतात, त्याचा काही फायदा नाही. गुडघा हाताने धरून ठेवा.

तोलासाठी अनवाणी एका पायावर ३० सेकंद. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग भिंतीवर चेंडू मारत. शेवटी रेषेच्या अल्याड-पल्याड एका पायाच्या उड्या, प्रत्येक उडीनंतर दोन सेकंद स्थिर. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्या घरी अशा व्यायामाने वर्षभरात पुन्हा मुरगळणाऱ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आलं.

आता नेट. व्हॉलीबॉलमधले घोटे बहुतेक तिथेच जातात, कुणाच्या तरी पावलावर उतरून. पावलाचा थोडा भाग नेटखालच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या बरोबर वर असला तर पलीकडे पाय टेकणं फाउल नाही. म्हणजे ब्लॉकर आणि समोरचा स्पायकर (फटका मारणारा) एकाच जागेवर उतरायला नियमाचीच मुभा. त्यात सेटरने (फटक्यासाठी बॉल उचलून देणाऱ्याने) बॉल नेटला चिकटवला की स्पायकर पुढे झेपावणारच, त्यामुळे शिव्या खरं तर सेटरला घाला. त्याने उचललेला बॉल नेटपासून मीटरभर मागे हवा, स्पायकरने वर उडावं, पुढे नाही. डबल ब्लॉकमध्ये, म्हणजे दोघं मिळून अडवताना, मधला गडी आडवा धावत येतो आणि वेग न मोडता उडाला तर आपल्याच गड्याच्या पायावर पडतो. शेवटचं पाऊल रोवून आडवा वेग मारायचा, मगच उडायचं. उतरताना दोन्ही पाय, गुडघे वाकलेले. आणि जाड, गुबगुबीत सोलचे रनिंग शूज कोर्टावर नकोत, त्यात पाय उंचावरून कलंडतो.

सपोर्टचं म्हणाल तर क्रेप बँडेज आणि मोज्यासारखा लवचीक अँकलेट यांनी घोटा अडत नाही. टेप चांगली, पण अर्ध्या तासाच्या खेळात सैल पडते. लेसचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस घ्या, मोज्यावरून बांधा, वर बूट.

ब्रेसने घोटा लुळा पडतो म्हणणाऱ्यांना एवढंच: २०१४ सालच्या दुसऱ्या डच चाचणीत वर्षभर खेळताना ब्रेस घालणाऱ्यांपैकी १५ टक्के पुन्हा मुरगळले, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी २७. तेव्हा व्यायामाचं एवढं पुराण सांगितलं तरी वर्षभर खेळताना ब्रेसही घाला.

हो, आणि पुढच्या वेळी मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर अथवा करंगळीमागे पावलाच्या बाहेरच्या कडेला हाड दाबून दुखलं, तर जुन्या एक्स-रेवर विसंबू नका, नवा काढा. तीन महिने हे सगळं करूनही सपाट रस्त्यावर पाय निसटत असेल तर ऑर्थोपेडिककडून लिगामेंट ढिला आहे का ते तपासून घ्या. तोवर ब्लॉकला उभे राहू नका, मागे लिबेरो (ब्लॉक न करता फक्त बचाव करणारा गडी) म्हणून खेळा.