घर गहाण टाकून ४ जुलैचा माल भरावा का?

प्रश्न: टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर आमचा फटाक्यांचा स्टॉल आहे. माल कन्साइनमेंटवर घेतो, म्हणजे माल पुरवठादाराचा, आम्हाला विक्रीवर कमिशन. गेल्या वर्षी ६०,००० डॉलरची विक्री झाली, २० टक्क्यांनी १२,००० हाती आले. यंदा, २०२६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतायत, शिवाय ४ जुलै शनिवारी आहे. घरावर ४०,००० चं कर्ज काढून स्वतःचाच माल भरावा का? शंभर डॉलरच्या विक्रीमागे माल ४० ला पडेल. विमा, जागा, परमिट, मजुरी मिळून ९,००० लागतील. शिल्लक १८,००० आहे. आणखी एक, मुलांना एकदा तरी ४ जुलैची आतषबाजी सगळ्यांनी मिळून बघायचीय. त्या रात्री स्टॉल लवकर बंद करणं परवडेल का?

उत्तर: कर्ज काढू नका. सगळा माल खपला तर १,००,००० येतील आणि ५१,००० उरतील, तुमच्या आकड्यांवरून हे खरं आहे. पण विक्री गेल्या वर्षीइतकीच झाली तर काय होतं ते बघा. ६०,००० आले, ४९,००० गेले, हातात रोख ११,०००. म्हणजे कमिशनपेक्षाही कमी, आणि व्याज अजून धरलेलंच नाही. कागदावर नफा २७,००० दिसेल, पण त्यातले १६,००० न विकलेल्या खोक्यांत अडकलेले असतील. शेवटच्या दोन दिवसांत पाऊस लागून विक्री ४५,००० वर थांबली, तर ४,००० खिशातून जातील.

तो उरलेला माल विकायला पुढचा राज्यभरचा हंगाम थेट २० डिसेंबरला. तोवर गॅरेजमध्ये ठेवायचा विचारही करू नका. त्याला लागूनच कुटुंब झोपतं, आणि घराचा विमा सहसा धंद्याच्या मालासाठी नसतो. वातीला ओल लागली की ती पेटत नाही किंवा मध्येच विझते, म्हणजे कोरडी, नियमात बसणारी जागा भाड्याने घेणं आलं.

टेक्सासमध्ये दुष्काळाचाही धोका आहे. कोरडेपणाचा केबीडीआय निर्देशांक ५७५ किंवा त्याहून वर गेला की काउंटीला काडीच्या रॉकेटांवर आणि पंखांच्या मिसाइलवर बंदी घालता येते. हा आदेश १५ जूनच्या आत निघतो, विक्री सुरू होते २४ जूनला. तुम्ही माल त्याआधीच उचललेला असणार. म्हणून कन्साइनमेंट असो वा खरेदी, न उघडलेली खोकी परत घेण्याची अट लेखी घ्या आणि त्यात बंदीचा उल्लेख असू द्या. यंदा भांडायचंच तर टक्क्यांसाठी भांडा. २० चे २३ झाले तर त्याच विक्रीवर १,८०० वाढतात, आणि जोखीम काहीच नाही. स्वतःचा माल घ्यायची हौस असेल तर ५,००० पर्यंत, शिलकीतून, आणि तोही करारात दुसऱ्याचा माल ठेवायला मनाई नसेल तरच.

गल्ल्यातला सेल्स टॅक्स तुमचा नाही. तो रोज वेगळ्या खात्यात टाका. तिमाही रिटर्न भरत असाल तर जूनच्या विक्रीवरचा २० जुलैला आणि १ ते ४ जुलैचा २० ऑक्टोबरला भरायचा असतो. मधल्या तीन महिन्यांत तो पैसा हमखास खर्च होतो. जून-जुलैच्या कमाईवरचा अंदाजी फेडरल कर १५ सप्टेंबरला.

आता मुलांचं. ही मुलं अकरा दिवस तुमच्याबरोबर उन्हात उभी असतात, त्यांचं मागणं अगदी रास्त आहे. पण स्टॉल बंद करू नका, फक्त माणसं बदला. गर्दी असते ती अंधार पडेपर्यंत. एकदा लोक फटाके उडवायला बसले की काउंटर ओसरतं. रात्री ८ ते १२ दोन भरवशाची प्रौढ माणसं ताशी २० डॉलरने ठेवलीत तर १६० होतात. हा खर्च आत्ताच बजेटमध्ये लिहून टाका. ७ वाजता गल्ला मोजून बँकेच्या रात्रीच्या डिपॉझिट पेटीत टाका, मागे फक्त सुटे ठेवा. मग सगळे मिळून गावची आतषबाजी बघायला जा. स्वतःचे फटाके उडवायचे तर स्टॉलपासून १०० फुटांच्या आत नाही, आणि शाळा, चर्च, हॉस्पिटलपासून ६०० फूट लांब.