जुलैत झाडं सगळेच लावतात

वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त वनपालाची

या खेपेची पत्रं बहुतेक वनखात्यातल्या कामाबद्दल आहेत. मी पुणे वनविभागात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे धोरणांबद्दल साहेबलोकांना विचारा, बीटवर, म्हणजे वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, काय चालतं ते मला विचारा.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. माझा मामेभाऊ कॅनडात फॉरेस्ट्री टेक्निशियन आहे. दिवसभर सरकारी जंगलात झाडं मोजतो, प्लॉट आखतो, नकाशे भरतो. असं काम आपल्याकडे असतं का? मला ऑफिसात बसायचं नाही. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : असतं, पण एका माणसाच्या वाट्याला सगळं येत नाही. तुझा भाऊ जे एकटा करतो ते इथे वनरक्षक, वनपाल, सर्वेक्षक आणि वनमजूर मिळून करतात. शिवाय वनरक्षकाच्या अंगावर खाकी असते. झाडं मोजायची, रोपवाटिका सांभाळायची, वणवा विझवायचा आणि चोरीचं लाकूड सापडलं तर पंचनामाही करायचा, असा चौफेर कारभार.

मोजणीचं म्हणशील तर वरून सोपी दिसते. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. आता छाती कुणाची? टोळीत पाच माणसं असली तर पाच उंच्या. म्हणून आपल्याकडे १.३७ मीटर ठरलेलं आहे, म्हणजे जुन्या मापाने साडेचार फूट. भावाला विचार, त्यांच्याकडे १.३ मीटर असेल. तेवढ्या उंचीची काठी करून घ्यायची आणि प्रत्येक खोडाला लावायची. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून काठी लावायची. खोड १.३७ च्या खाली दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची, वर दुभंगलं तर एकच. टेप खोडाच्या मागे खाली घसरलेला नाही ना, हे मागे जाऊन बघायचं. संध्याकाळी थकलेली माणसं नेमकं हेच टाळतात.

घेर घेणारा झाडाचं नाव आणि घेर ओरडून सांगतो, "धावडा, चौऱ्याऐंशी." लिहिणारा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि मग रजिस्टरात उतरवतो. मोजलेल्या झाडावर गेरूची खूण, तीही सगळ्या झाडांना एकाच बाजूला, म्हणजे मागे वळून पाहिलं की काय राहिलं ते दिसतं. ज्या टोळीत आकडा परत म्हणणं बंद पडायचं, त्या टोळीच्या दुपारनंतरच्या पानांवर माझा विश्वास नसे.

प्लॉटचंही तसंच. ०.१ हेक्टरचा चौकोनी प्लॉट म्हणजे एक बाजू ३१.६२ मीटर. सिंहगडाच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून ३१.६२ मोजलेस तर प्लॉट नकाशावर लहान भरतो, कारण नकाशा आडवं अंतर धरतो. म्हणून टेप आडवा ताणायचा, थोडं थोडं अंतर घेत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचं. तुमच्या कॉलेजच्या सहलीत हे कुणी शिकवत नाही, एकदा टेकडीवर जाऊन करून बघ.

आता भरतीचं. वनरक्षकाच्या मागच्या जाहिरातींत बारावी पास आणि विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय अशी अट होती. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवर अर्ज करता येत होता. लेखी परीक्षा १२० गुणांची, मग शारीरिक मोजमाप, मग धावणं, पुरुषांना ५ किलोमीटर आणि महिलांना ३. त्यानंतर चालण्याची चाचणी : ४ तासांत पुरुषांनी २५ किलोमीटर, महिलांनी १६. मुलं धावण्याची तयारी करतात आणि चालणं गृहीत धरतात. ताशी सव्वासहाचा वेग चार तास टिकवायचा म्हणजे रमतगमत होत नाही. पगाराची श्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे, वर भत्ते. प्रशिक्षण चिखलदरा, जालना, पाल, शहापूर अशा ठिकाणच्या संस्थांत होतं. तू पदवी पुरी करणार असशील तर एमपीएससीतून थेट वनक्षेत्रपाल (रेंजर) होण्याचा रस्ताही मोकळा आहे. दापोली आणि अकोल्याला फॉरेस्ट्रीची पदवी मिळते, त्या मुलांशी तुझी गाठ त्या परीक्षेत पडेल.

ऑफिसात बसायचं नाही, हे मात्र विसर. रोपवनाची नोंदवही, मजुरांचे हजेरीपट, वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट (आम्ही त्याला नुसतं पीओआर म्हणतो), कोर्टाच्या तारखा, हे सगळं टेबलावरच होतं. जंगलात पाहिलेलं कागदावर नीट आलं नाही तर कोर्टात आरोपीचा वकील हसतो, आणि त्याचं हसणं बरोबर असतं.

प्रश्न : आम्ही रोज वेताळ टेकडीवर फिरायला जातो. जानेवारीत भांबुर्डा वनाच्या बाजूला खात्याचीच माणसं गवत कापून पेटवून देत होती. एकीकडे वणवे रोखा म्हणता आणि दुसरीकडे स्वतःच आग लावता? (एक वाचक, मॉडेल कॉलनी)

उत्तर : तुम्ही जाळरेषा पाहिलीत. त्रागा करू नका, पण पुढच्या जानेवारीत जवळ जाऊन बघा.

पावसाळ्यात टेकडीवर कुसळी गवत वाढतं. नोव्हेंबरपासून ते पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत त्याचा नुसता भुसा होतो. त्याला ठिणगी लागली की आग चढाच्या दिशेने पळते, कारण वरचं गवत खालच्या धगीनेच सुकून पेटायला तयार झालेलं असतं. ती थांबवायची तर तिच्या वाटेत जळायला काही नसलेला पट्टा हवा. म्हणून खात्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतात आणि जाळरेषा त्याच्या आधी पुऱ्या करतात.

पट्टा कुठे घ्यायचा, यात खरं डोकं लागतं. रस्त्याच्या कडेने, रोपवनाच्या भोवती, गावाच्या शिवेवर, कड्याच्या धारेवर. आधी दोन्ही कडांचं गवत विळ्याने कापून मध्ये ओढायचं, कडा खराट्याने मातीपर्यंत झाडून घ्यायच्या, मग मधला ढीग पेटवायचा. तोही सकाळी लवकर, दव असताना आणि वारा पडलेला असताना. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवत यायचं. एक माणूस फक्त ठिणग्यांवर नजर ठेवतो, त्याच्या हातात करंजाची किंवा निरगुडीची ओली फांदी. हल्ली पाला उडवायचे ब्लोअर आले, काम झटपट होतं. पण ब्लोअरचा आवाज ऐकून टेकडीवर फिरणारे आणखी चिडतात, हे मी पाहिलं आहे.

आग आपोआप लागली, असं लोक म्हणतात. आपल्या टेकड्यांवर आपोआप काही लागत नाही. कुणी विडी टाकतं, कुणी पार्टीची चूल तशीच सोडतं. कुणाला वाटतं की जुनं गवत जाळलं की नवं जोमाने येतं. मुळशी, वेल्हे, भोरकडे भाताचा राब (रोपांसाठीची जमीन) भाजताना बांधावरची आग वर रानात चढते. आता उपग्रहावरून आगीचा मेसेज वनरक्षकाच्या मोबाईलवर येतो. पण तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, आणि उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच. त्यापेक्षा तुमच्यासारख्या फिरणाऱ्याचा फोन आधी पोचतो. १९२६ वर फोन करा आणि टेकडीची बाजू, वारा कुठून कुठे वाहतोय आणि जवळची पायवाट सांगा. "टेकडीवर आग लागलीये" एवढंच सांगितलं तर माणसं पाषाणच्या बाजूने चढतात आणि आग गोखलेनगरला असते. तुम्ही स्वतः मात्र आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका.

पळस जळाला तरी मुळापासून फुटतो, मोठा धावडाही तगतो. मरतात ती दोन-तीन पावसाळ्यांची रोपं, म्हणजे तुम्हीच वाढदिवसाला लावलेली.

प्रश्न : आमच्या कंपनीने गेल्या जुलैत ५०० रोपं लावली. यंदा १००० लावायची आहेत. किती जगली याचं प्रमाणपत्र खात्याकडून मिळेल का? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : मोजणी कोणत्या महिन्यातली हवी? ऑक्टोबरात मोजलीत तर जवळपास सगळी हिरवी दिसतील. मेअखेर मोजा, तो आकडा खरा.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पुढे आठ महिने आभाळ कोरडं. टेकडीवर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. असल्या जागी रोप लावणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी उन्हाळ्यात खड्डे खणून तापवत ठेवायचे, समपातळी चर काढायचे. चराला पातळी हवी, ती ए-फ्रेमने घेतात : दोन पायांची लाकडी घोडी, मध्ये ओळंबा, ओळंबा खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. चर जरा तिरका गेला तर पाणी मुरायचं सोडून एका टोकाला पळतं आणि तिथली माती घेऊन जातं. ऑगस्टपासून निंदणी, रोपाभोवती आळी करणं, कापलेलं गवत आळ्यात पसरणं. पुढच्या पावसाळ्यात मेलेल्यांच्या जागी नांग्या भरणं. आणि मधल्या जानेवारीत जाळरेषा.

जुलैत बसमधून टी-शर्ट घालून पन्नास माणसं येतात, चहा-वडापाव होतो, पाटी लागते. माझी तक्रार नाही, वडापाव मीही खाल्लेत. पण १००० चा आकडा सोडा. यंदा एकही नवं रोप लावू नका. जुन्या ५०० भोवती जाळरेषा काढायला जानेवारीत वीस माणसं द्या, आणि मार्च ते मे आळ्यात पाणी घालायचा खर्च उचला. वनक्षेत्रपालांना पत्र लिहून असं विचारलंत तर ते तुम्हाला खुर्ची देऊन बसवतील, कारण असं विचारणारं क्वचितच कुणी येतं.

प्रश्न : मुलीची वनरक्षक म्हणून निवड झाली आहे, नेमणूक भोरच्या बाजूला मिळेल असं कळतं. एकटीने रानात फिरायचं म्हणजे जीव घाबरा होतो. तिला काय सांगू? (एक आई, धायरी)

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. आता मुली बऱ्याच आहेत खात्यात, आणि गस्त काय किंवा वणवा काय, कुठे मागे नाहीत.

बिबट्याची भीती मनात असेल तर ती जरा खाली ठेवा. तिला जपायला सांगा ते फुरशापासून, त्या छोट्या विषारी सापापासून. मुरमाड जागेत, दगडाखाली, वाळल्या पानात ते असतं, म्हणून न बघता दगडाला हात घालायचा नाही, उतारावर बसायच्या आधी काठी आपटायची. दुसरं, आग्या मोहोळ. कड्याखालून जाताना अत्तर, सेंट नको, धूर नको, आवाज नको. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

माणसांचा त्रास जनावरांपेक्षा जास्त. रात्री मुरमाचा किंवा लाकडाचा ट्रक अडवायचा असेल तर एकटीने कधीच नाही. आधी वनपालांना कळवायचं, सोबत वनमजूर घ्यायचा, गाडीचा नंबर टिपायचा. क्वार्टर मिळालं तरी आधी छप्पर बघून या. गावात एखाद्या कुटुंबाच्या घरी खोली मिळाली तर ते बरं. आणि पहिल्या वर्षी तिने सरपंचाआधी गुराख्यांशी ओळख करून घ्यावी. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं, रात्री कुठून कुऱ्हाडीचा आवाज आला, हे त्यांना आधी कळतं. त्यांची गुरं रोपवनात शिरली म्हणून पहिल्याच दिवशी पावती फाडली तर पुढे कुणी काही सांगायचं नाही.

प्रश्न : टेकड्यांवरचं परदेशी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) सरसकट तोडून देशी झाडं का लावत नाही? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : उंदीरमारी म्हणतात त्याला गावाकडे. त्याची दाटी झाली की खाली गवत आणि देशी रोपं नीट येत नाहीत, हे खरं. पण सरसकट तोडलंत तर पहिल्याच पावसात माती उघडी पडते, आणि बुंध्याला चार जागी नवे फुटवे येतात, म्हणजे पुढच्या वर्षी तेच झाड आणखी दाट. विरळणी करत जायचं, जिथे ऊन खाली पोचेल त्या मोकळ्या जागेत मोई, सालई, खैर, मेडशिंगी, काटेसावर लावायची, ती डोक्यावर गेली की बाजूचं गिरिपुष्प काढायचं. याला वर्षं लागतात. तोवर कोयता घेऊन स्वतः जाऊ नका. राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणं १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पीओआर लिहिताना झाड देशी की परदेशी असा रकाना नसतो.