तिची एसटी सुटायच्या आत

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लॅबसाठी सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीचा, पैसा येऊ घातलाय, मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे, आणि रक्ताच्या रासायनिक तपासण्यांचा अ‍ॅनालायझर सगळं आपोआप करणारा फुल्ली ऑटो घ्यावा की निम्मं काम हातानं करायचा सेमी ऑटो, रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर थ्री पार्ट की फाइव्ह पार्ट (पांढऱ्या पेशी तीन प्रकारांत मोजणारा की पाच), यात तू अडकलीस. सोबत चार कोटेशनं जोडलीस. पण तुमच्या आरोग्य केंद्रावर येणारी बाई किती वाजता येते आणि किती वाजता परत जाते, हे तुझ्या चार पानांत कुठंच नाही.

मला तेवढंच विचारायचं आहे. तिची एसटी सुटायच्या आत रिपोर्ट तिच्या हातात पडतो का?

गेवराईकडच्या वाडी-तांड्यांवरून बायका बाजाराच्या दिवशी येतात. दहाच्या आत केंद्रावर, आणि दीड-दोनच्या गाडीनं परत. "उद्या या" म्हटलं की दुसऱ्या दिवसाची मजुरी गेली. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालंय, मजुरी काही अर्धी बुडत नाही. त्यात तुमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. निघायच्या आदल्या दिवशी गरोदर बाईचं रक्त घेतलं आणि हिमोग्लोबिन ६.५, म्हणजे धोक्याइतकं कमी, आहे हे तुला तीन दिवसांनी कळलं, तर तोवर ती कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, कोपीत. तिची तपासणी झाली असं रजिस्टर म्हणतं. मी म्हणतो, झाली नाही.

द लॅन्सेटच्या आयोगानं २०२१ मध्ये सांगितलं की जगातल्या ४७ टक्के लोकांना निदानाच्या तपासण्या मिळतच नाहीत किंवा जेमतेम मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं आवश्यक तपासण्यांची यादी २०१८ ला केली, आपल्याकडे आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०१९ ला. उपकेंद्रात १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ तपासण्या व्हाव्यात असं ठरलेलं आहे. याद्या चांगल्याच आहेत. पण यादीत तपासणीचं नाव असतं, घड्याळ नसतं. कपाटात न नेलेले रिपोर्ट किती पडलेत, हे मोजायला मी फार उशिरा लागलो. तू आजच मोज. आणि रजिस्टरमध्ये तीन रकाने आखून घे: नमुना घेतल्याची वेळ, रिपोर्ट तयार झाल्याची वेळ, रिपोर्ट हातात दिल्याची वेळ. बहुतेक लॅबमध्ये तिसरा रकानाच नसतो.

आता घड्याळ उलटं लाव. गाडी दीडला, म्हणजे साडेबाराला रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर हवा, कारण गोळ्या लिहायला आणि समजावून सांगायलाही वेळ लागतो. सेमी ऑटो नऊलाच चालू कर, दिव्याला स्थिर व्हायला १५-२० मिनिटं लागतात. साडेदहापर्यंत रक्त घेणं संपव. साध्या नळीतलं रक्त गोठायला ३० मिनिटं दे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरव, म्हणजे वर पिवळसर सीरम सुटतं. घाईनं आधी फिरवलंस तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, ते मशीनच्या फ्लोसेलमध्ये, म्हणजे जिथं नमुना मोजला जातो त्या बारीक खोबणीत, अडकतात आणि मग अख्खी सकाळ जाते. ग्लुकोज, क्रिएटिनिन, बिलिरुबिन बॅचमध्ये लाव. ती बॅच इनक्युबेशनला, म्हणजे ठरलेल्या उबेत, असताना लघवीच्या पट्ट्या, मलेरिया, एचआयव्ही, सिफिलिसची रॅपिड कार्डं वाच. वीस रुग्णांचं एवढं काम एक टेक्निशियन आणि एक मदतनीस उरकतात. फुल्ली ऑटो लागतोच कुठं?

रॅपिड कार्डं सोपी वाटतात म्हणून तिथंच जास्त चुका. एका किटचं बफर, म्हणजे कार्डावर टाकायचं द्रव, संपलं की दुसऱ्या किटचं टाकतात. चालत नाही. कार्ड १५ ते २० मिनिटांत वाचायचं, किटवर लिहिलं असेल तेवढ्यात. तासाभरानं दिसलेली फिकी रेघ पॉझिटिव्ह नसते. कार्ड चालतंय हे दाखवणारी कंट्रोलची रेघ नाही आली तर कार्ड बाद, निगेटिव्ह नव्हे. बरीचशी किटं ३० अंशांच्या आत ठेवायची असतात आणि तुमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या स्टोअरमध्ये किटं ठेवू नको. कमाल-किमान तापमापी टांग, रोज सकाळी वाचून लिही.

बोटातून हिमोग्लोबिन घेताना स्पिरिट वाळू दे, पहिला थेंब पुसून टाक, बोट पिळू नको. पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि १०.५ ची बाई ९.५ ची होते. रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी आता कपाटातच राहू दे. तो रंग प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळा दिसतो.

बाहेर पाठवायचे नमुने ही वेगळी कटकट. साध्या नळीत, सीरम वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातली साखर दर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, उन्हात त्याहून जास्त. सकाळी उपाशीपोटी १४० असलेली साखर मोटारसायकलवरून चार तासांनी जिल्ह्याला पोचते तेव्हा ११० च्या आसपास असते, आणि माणूस मधुमेह नाही म्हणून घरी जातो. पोटॅशियमचं उलटं, ते खोटंच वाढतं, आणि पेशींसकट फ्रिजमध्ये ठेवलं तर आणखी वाढतं. म्हणून सीरम तुझ्याकडेच वेगळं कर आणि मग पाठव. जांभळ्या टोपणाची नळी (तिच्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं) रेघेपर्यंत भर, आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी कर. साधी नळी कमी भरली म्हणून जांभळीतलं रक्त तिच्यात ओतणारे महाभाग मी पाहिलेत. ईडीटीएमुळं पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम पाताळात.

थुंकीचंही घड्याळ लाव. क्षय तपासायचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, एका नमुन्याला साधारण तासभर. पण नमुना खोकून काढलेला बेडका हवा, निदान २ मिली, नुसती लाळ नको. सकाळी पहिल्यांदा थुंकीवाल्यांना घे, रक्तवाले थांबतील.

एवढं वाचून तू म्हणशील, सर घाई शिकवतात. घाई नाही शिकवत! चुकीचा रिपोर्ट वेळेवर दिला तर तो वेळेवर केलेला अपाय. पहिल्या रुग्णाआधी दोन कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने, लाव, एक नॉर्मल, एक अ‍ॅबनॉर्मल. कंट्रोलच्या पावडरमध्ये ५ मिली लिहिलंय तर नेमकं ५ मिलीच पाणी, पिपेटनं. अंदाजानं नाही. आकडा आलेखावर मांड. सरासरीपासून दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर थांबून कारण शोध. तीनच्या बाहेर गेला तर त्या दिवशी त्या तपासणीचा एकही रिपोर्ट सोडू नको, गाडी सुटली तरी. एवढी एकच सूट माझ्या नियमाला आहे. सलग दहा दिवस आकडा सरासरीच्या एकाच बाजूला राहिला तर रीएजंट (तपासणीचं रसायन) किंवा दिवा बघ.

मशीनबद्दल तुला उत्तर हवंच असेल, तर विक्रेत्याला हे विचार: दुसऱ्या कंपनीचं रीएजंट चालतं का? उघडलेली बाटली किती दिवस टिकते? वॉरंटीनंतर वार्षिक देखभालीचा खर्च कोण देणार? सेल काउंटर रुग्ण नसले तरी चालू-बंद करताना डायल्युएंट, म्हणजे रक्त पातळ करायचं द्रव, पितो, तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. गरीब देशांतली सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली असल्याचं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. दान आलेलं यंत्र चालतं ठेवणं दानात येत नाही.

आणि वीज-पाणी. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोज, ३ च्या वर असेल तर आधी अर्थिंग. तुमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा. यूपीएस निदान चालू बॅच पुरी होईल एवढा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मशीनला दाखवायचंही नाही, फ्लोसेलमध्ये खर बसते. डिस्टिल्ड वॉटर विकत घे.

माझ्या लॅबला मोठं मशीन नको म्हणालो म्हणून काही लोक मला अजून मागासलेला म्हणतात. म्हणू दे. ज्या टेबलावर ते मशीन बसलं असतं तिथं मी सेंट्रिफ्यूज, दुसरा इनक्युबेटर आणि रिपोर्ट वाटपाची खिडकी मांडली. हट्ट होता, आहे.

जे रिपोर्ट खरंच दुसऱ्या दिवशी येणार, त्यांच्यासाठी फोन नंबर घेताना तो कुणाचा आहे ते विचार. बऱ्याचदा नवऱ्याचा असतो, नाहीतर मुकादमाचा. एचआयव्हीचा रिपोर्ट मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर तिचं काय होईल, ते मी लिहायला नको. तिथं आशाताईंना धाड.

कोटेशनं तुझ्याकडेच ठेव. मला न नेलेल्या रिपोर्टचा आकडा कळव, आणि स्टँडवर जाऊन तुमच्या भागातल्या गाड्यांच्या वेळा लिहून पाठव. मुक्कामी गाडीची वेगळी लिही, तिच्यानं परत जाणारे रुग्ण उशिरा घेतले तरी चालतील.