लॅपटॉप घेऊन वारीला निघताना

ठाणे

प्रिय मित्रा,

ऐरोलीचं ऑफिस घरून काम करू देतं, म्हणून वारीत चालता चालताच काम उरकायचा तुझा बेत कळला. जरूर जा. पण रोजचे आठ तास भरीन, हे डोक्यातून काढ. दिंडी कुणाच्या ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगसाठी थांबत नाही.

माऊलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, सासवडलाही दोन. मधल्या त्या एकेका दिवशी चाल नसते. जमेल तितकं काम तेव्हाच हातावेगळं कर. पुणे-सासवडच्या दिवशी मात्र सरळ रजा टाक. तीसएक किलोमीटर, त्यात दिवेघाट. मुक्कामी पोचलेला माणूस मेल वाचत नाही, पाय चोळत बसतो. लोणंद-तरडगाव टप्पा छोटा आणि पालखी दुपारी निघते, त्यामुळे सकाळ मोकळी वाटेल. त्याच दुपारी चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण असतं. तेव्हा कॉलवर दिसलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही! काही गावचे मुक्काम तिथीप्रमाणे कमीजास्त होतात, म्हणून यंदाचं वेळापत्रक पुढ्यात घेऊनच रजेचा अर्ज कर.

‘रात्री करीन’ असं सगळेच म्हणतात. समाजआरती, जेवण होईतो डोळे मिटायला लागतात, आणि पहाटे टँकरपाशी आंघोळीची गर्दी. त्यात मुक्कामाच्या गावी एवढे फोन एकाच टॉवरवर येतात की रेंज पूर्ण दिसते, पण साधा फोटो जात नाही. म्हणून कॉलची कामं आधीच कुणाकडे तरी सोपव. नेटशिवाय होणारी तेवढी स्वतःकडे ठेव.

लॅपटॉप दिंडीच्या ट्रकमध्ये टाकलास तर दिवसभर हाती लागणार नाही. पाठीवर घेतलास तर घाटात त्याचं वजन कळेल. मी म्हणेन ट्रकच, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. कंपनीचं यंत्र तंबूत उघडलेलं चालतं का, हे मॅनेजरकडून लेखी घे. दिंडीप्रमुखांनाही आधी विचार, नाहीतर जनरेटरवरचा एकुलता प्लग तू अडवलास म्हणून पहिल्याच रात्री बोलणी खाशील.

आणि तलावपाळीला फेऱ्या मारून सराव झाला असं समजू नकोस. जे बूट वारीत घालणार, तेच घालून येऊरचा चढ चढ, पाठीवर वजन घेऊन. या रविवारपासूनच लाग.

तुझा,
काका