टाकीतले इंधन, मोजपट्टी आणि घड्याळ

प्रश्न : आमच्या शेतावरून धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरची शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने जातात. टाकी भरूनच विमान उडत असेल, तर हवेत इंधन संपतेच कसे? आणि इंजिन बंद पडल्यास विमान दगडासारखे कोसळते का?
— एक शेतकरी वाचक, शिंदखेडा तालुका

उत्तर : टाकी दर वेळी काठोकाठ भरता येत नाही. दोन आसनांच्या सेसना 152 मध्ये वापरता येण्याजोगे इंधन सुमारे 93 लिटर मावते आणि तेवढ्याचेच वजन 65 किलोच्या पुढे जाते. दोन धडधाकट माणसे बसली की वजनाच्या मर्यादेपायी इंधनाला कात्री लावावी लागते. त्यातच मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा 44 अंशांवर गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते आणि उड्डाणासाठी धावपट्टीही जास्त लागते.

म्हणून लिटरचे तास करून हिशेब मांडावा लागतो. हे विमान तासाला साधारण 23 लिटर इंधन पिते. ताशी 175 किलोमीटर वेगाने 300 किलोमीटरला पावणेदोन तास पुरतात. पण समोरून ताशी 40 किलोमीटरचा वारा लागला, तर तेच अंतर सव्वादोन तासांचे होते. दिवसाच्या उड्डाणात किमान 30 मिनिटांचे इंधन राखीव ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला तर नेमका तेवढाच साठा संपतो. इंधनाच्या काट्यावर विसंबणे मला तर घातकच वाटते. पंखावर चढून, झाकण काढून, मोजपट्टी टाकीत बुडवून ओल कुठवर आली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. टाकीच्या तळातले थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरावे. निळसर इंधनाखाली पाण्याचा थेंब वेगळा दिसला, तर तो निघून जाईपर्यंत उड्डाण करू नये. पावसाळ्यातल्या दमट हवेत, 20-25 अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरून इंजिन गुदमरते, हेही ध्यानात असावे.

इंजिन बंद पडले तरी विमान तरंगत उतरते. वारा नसेल, तर 900 मीटर उंचीवरून ते सुमारे 8 किलोमीटर जाऊ शकते. वैमानिकाने आधी तरंगण्याचा योग्य वेग साधावा, उतरण्याची जागा हेरावी आणि मगच इंधनाचा कॉक, कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी उष्णता, हवा-इंधनाचे मिश्रण हे तपासून इंजिन पुन्हा सुरू करून पाहावे. वरून केळीची बाग मऊ गादीसारखी दिसते, पण खाली जाडजूड खांबांची रांग असते. त्यापेक्षा गहू काढलेले मोकळे रान बरे, मात्र विहिरीच्या मोटारीकडे गेलेली विजेची तार वरून दिसत नाही, म्हणून आधी तिचे खांब शोधावेत.