पुरातून सगळे वाचलो, तरी घर का बिनसलं?

तुम्ही लिहिलंय की जुलै 2024 च्या पुरात पुण्यातल्या एकतानगरीत तुमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. घरचे सगळे सुखरूप निघालात. पण तेव्हापासून बायको धड बोलत नाही, मुलगी आभाळ भरून आलं की रडायला लागते, आणि ज्या मित्राकडे आठवडाभर राहिलात त्याच्याशी आता फोनसुद्धा नाही. हे ठीक व्हायला किती वेळ लागतो आणि फ्लॅट विकावा का, असा प्रश्न आहे. त्यावर कोणीतरी उत्तर दिलंय, "जीव वाचला ना, मग झालं. मागचं उकरू नका." ते वाचून मला राहवलं नाही. हेच वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय आणि माझं घर मोडता मोडता राहिलं ते याच वाक्यामुळे.

आम्ही अरण्येश्वरच्या बाजूला राहतो, तळमजल्यावर. 25 सप्टेंबर 2019. आंबिल ओढा वर्षभर म्हणजे काळं पाणी आणि प्लास्टिक. तो कात्रजच्या डोंगरातून येतो हे आम्हाला शाळेत पाठ करून माहीत, पण ओढा कधी ओढ्यासारखा पाहिलेला नव्हता. आमच्या खिडकीतून त्याची भिंतच दिसायची. त्या बुधवारी संध्याकाळपासून पाऊस लागला आणि साडेनऊच्या सुमाराला भिंतीच्या तळाशी असलेल्या भोकांतून पाणी आत यायला लागलं, नळाला पाइप लावावा तसं.

गाडी चार महिन्यांची होती. नवरा तिला रस्त्यावर, चढावर लावायला गेला. घरात मी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

पाणी दारातून येईल म्हणून मी उंबऱ्याशी चादरी कोंबत होते. ते आलं मागून, बाथरूमच्या जाळीतून, काळं आणि फसफसत. मग दिवे गेले. मुलाला ओट्यावर उभं केलं, सासूबाईंना डायनिंग टेबलवर चढवलं. पाणी गुडघ्याच्या वर आलं तेव्हा फ्रिज आडवा झाला आणि तरंगायला लागला. रिकाम्या डब्यासारखा इकडून तिकडे आपटत होता. घराचं दार आत उघडतं, ते उघडलं. पण बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं आणि बाहेर पाणी आतल्यापेक्षा जास्त. खांदा लावला, लाथा घातल्या, हलेना. मी स्टीलचं ताट घेऊन जाळीवर बडवत राहिले. दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण आणि तिचा नवरा टॉर्च घेऊन खाली आले, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि जाळीला ओढणी बांधून दोघांनी ते दार ओढलं. त्यांच्यामुळे आम्ही आहोत. हे आधीच सांगते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये.

नवरा आला तेव्हा आम्ही जिन्यावर होतो. नखशिखांत भिजलेला, एका पायात चप्पल. म्हणाला, "दहाच मिनिटं गेलो होतो."

दहा नव्हे. मी पहिला फोन लावला 10:20 ला आणि तो जिन्यात आला 10:45 ला. मधे सात कॉल, एकही उचललेला नाही. या पंचवीस मिनिटांवर आमचा संसार दोन वर्षं अडून बसला होता. मी उठता बसता पंचवीस म्हणायचे, तो दहा म्हणायचा. गाडी तर वाचलीच नाही. पाण्यात सेल मारल्यामुळे इंजिन जाम झालं. इन्शुरन्समध्ये इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, तो दावाही नाकारला गेला. हप्ते मात्र शेवटपर्यंत भरले. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज आला की मी पुन्हा पंचवीसवर यायचे.

त्याच रात्री जवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्यामुळे आमच्या दुःखाला तोंड उघडायची परवानगीच नव्हती. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर तुम्ही पंचवीस मिनिटं काय घेऊन बसलात, असं सगळ्यांचं. माझ्या आईचंसुद्धा. तुमच्या बायकोलाही कदाचित हेच ऐकावं लागत असेल, आणि कदाचित तुमच्याकडूनच.

आता मैत्रिणीचं. बारा दिवस आम्ही तिच्याकडे राहिलो, दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत. खाली घोटाभर गाळ, फावड्याने काढून घमेल्यांनी बाहेर टाकायचा. गाद्या, पुस्तकं, कणकेचे डबे, सगळं रस्त्यावर ढिगात. तलाठी पंचनाम्याला येणार म्हणून ते फेकताही येईना. वर तिच्या दोन खोल्यांत सात माणसं. त्यात रविवारी घटस्थापना आली. सासूबाईंचा घट कधी चुकलेला नाही आणि तिच्याकडेही घट बसतो. एका घरात दोन घट चालतात का यावर दोन दिवस दोघी हळू आवाजात बोलत होत्या. शेवटी देवघराच्या खाली एक पाट मांडून आमचा घट बसवला. मी सहज म्हटलं, खाली माती काय कमी आहे. सासूबाई म्हणाल्या, "ओढ्याची माती घटाला नको." मग मैत्रिणीने गच्चीवरच्या आपल्या तुळशीच्या कुंडीतली माती काढून दिली.

अशी माणसं. आणि तरी आमचं बिनसलं. डिसेंबरात सोसायटीत कोणाच्या तरी डोहाळजेवणात ती बोलता बोलता म्हणाली, "बारा दिवस सात माणसांचा स्वयंपाक केलाय मी." ती काही मला टोमणा मारत नव्हती, हे आज कळतं. ती दमली होती आणि त्या बारा दिवसांत तिला कोणी "तू कशी आहेस" विचारलं नव्हतं. मीही नाही. पण तेव्हा मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी एका पाकिटात पाच हजार रुपये आणि साडी घालून मुलाच्या हाती वर पाठवली. पाकीट तसंच्या तसं परत आलं, साडीसकट. त्यानंतर जिन्यात भेटलो की "काय, बरं ना" एवढंच. तुमच्या मित्राचं असंच काही झालं असणार. उपकार घेणाऱ्याला ते ओझं होतं आणि करणाऱ्यालाही ते कुठेतरी नोंदवून ठेवावंसं वाटतं. दोघंही वाईट नसतात. एक सांगते, पैसे देऊन मोकळं व्हायला जाऊ नका. फराळाचा डबा घेऊन जा, बसा आणि विचारा की आम्ही होतो तेव्हा तुझे हाल झाले का. तो सांगेल ते ऐकून घ्या. मी हे पाच वर्षं उशिरा केलं. ती रडली. पण पूर्वीसारखं नाही झालं. पूर्वी मी तिच्या घरात दार न वाजवता जायचे, आता बेल वाजवते.

सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी कोण होतं विचारायला, आम्ही नाही का जगलो. त्या पानशेतच्या पूरग्रस्त. 12 जुलै 1961 ला त्या नऊ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेतला वाडा गेला, मग सहकारनगरला घर मिळालं. पानशेत धरणामागोमाग खडकवासलाही फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर गावाला प्यायला पाणी नव्हतं, वाड्यांच्या विहिरींवर रांगा, एवढं त्या सांगायच्या. बाकी काही नाही. पण त्यांनी आयुष्यात कधी ट्रंक जमिनीवर ठेवली नाही. घराची कागदपत्रं, मुलाचा जन्मदाखला, सगळं प्लास्टिकमध्ये बांधून डब्यात घालून माळ्यावर. आम्ही हसायचो. 2019 ला आमच्याकडे कोरडं असं तेवढंच उरलं होतं. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं त्या बाईच्या अंगात तो पूर होता आणि घरात एकालाही त्याची गोष्ट माहीत नव्हती. "जगलो" याचा अर्थ हा असेल तर मला तो नको.

मुलाचं सांगते, कारण तुमच्या मुलीचं विचारलंय. आमचा रोज रात्री झोपताना एकच प्रश्न विचारायचा, "बाबा, गाडी वर लावलीय ना?" गाडी भंगारात गेली तरी विचारायचा. नवरा आधी "हो रे" म्हणायचा, मग "गप झोप" म्हणायला लागला. त्याला वाटायचं मी पढवलंय. अंगावर ओरडणं, मग माझं ओरडणं, मग मुलाचं अंथरूण ओलं. हे दीड वर्ष चाललं आणि घरातले म्हणत होते, मुलगा आहे, होईल सवय. शेवटी मी भांडून समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं की त्याला गाडीचं काही पडलेलं नाही. बाबा पुन्हा खाली जाणार आहे का, हे तो विचारतोय.

नवरा त्या खोलीत पहिल्यांदा बोलला. गाडीचा सेल मारत असताना कंपाउंडची भिंत पडली, लोंढा आला आणि तो पार्किंगच्या खांबाला मिठी मारून उभा होता. किती वेळ, ते त्याला माहीत नाही. फोन खिशात वाजत होता, हात सोडता येत नव्हता. आमच्या दारावरच्या ताटाचा आवाज त्याला ऐकू येत होता. हे त्याने मला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. "दहा मिनिटं" म्हणत राहिला, कारण पंचवीस म्हटलं की तो आवाज ऐकू येतो.

मला तेव्हा त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही खरं आहे. तो गाडीसाठी गेला हे चूकच होतं, आजही माझं हेच मत आहे आणि तोही आता वाद घालत नाही. घरात म्हातारी आणि लहान मूल असताना गाडीसाठी खाली उतरणारा माणूस धाडसी नसतो. हे मी त्याच्या भावांना, मित्रांना, आणि "पुरुष माणूस जाणारच ना" म्हणणाऱ्या त्या मैत्रिणीच्या नवऱ्यालाही सांगितलंय. इथेही सांगते.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. साडेनऊला, भोकांतून पाणी यायला लागलं तेव्हा, गाडी वर लावून ये असं पहिल्यांदा मीच म्हणाले होते. तो टीव्ही बघत बसला आणि सव्वादहाला गेला, तोवर पाणी पोटरीला लागलं होतं. साडेनऊची गोष्ट वेगळी आणि सव्वादहाची वेगळी. पण मी म्हणाले होते, हे खरं. त्याने ते कधी माझ्या तोंडावर मारलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, बायकोला विचारा. त्या रात्री तू कुठे उभी होतीस, हातात काय होतं, मी कुठे आहे असं तुला वाटलं. ती बोलेल तेव्हा मधे "पण मी" म्हणू नका. तुमची बाजू दुसऱ्या दिवशी सांगा. एका बैठकीत दोन्ही बाजू मांडायला गेलात तर भांडण होईल, आमची पहिली चार अशीच गेली.

मुलीला "घाबरू नको" म्हणणं बंद करा. तिच्या हाती काहीतरी काम द्या. आम्ही दाराशी टॉर्च लटकवला, सेफ्टी डोअर काढून टाकलं आणि ठरवलं की पाणी आलं तर आजीचा हात मुलगा धरणार आणि सगळे गच्चीवर, खाली कोणीही जाणार नाही. हा शेवटचा नियम नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर लावला. गाडीचा प्रश्न त्यानंतर हळूहळू थांबला. अजून जोराचा पाऊस आला की मुलगा उठून टॉर्च लागतो का बघतो. बघू दे.

किती वेळ लागतो, याला एक आकडा नाही. पहिला महिना झोप न लागणं, दचकणं, चिडचिड हे बहुतेकांना होतं. महिन्यानंतरही तीच स्वप्नं, तेच टाळणं चालू असेल तर डॉक्टरकडे जायला हवं, आणि तुमचं तर त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. थेट जायला संकोच वाटत असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरात दारू किंवा मारहाण सुरू झाली असेल तर मी वर लिहिलेलं बोला-ऐका काही कामाचं नाही, तिथे आधी बायको-मुलीने सुरक्षित जागी जायला हवं.

फ्लॅटचं म्हणाल तर भांडणाच्या दिवसांत विकू नका. आधी पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुमची इमारत निळीच्या आत असेल तर विषय वेगळा. आम्ही विकला नाही. पुरानंतर तळमजल्याला जो भाव सांगत होते तो ऐकून नवरा म्हणाला नको, मी म्हटलं विकू. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

बायको माहेरी जाते म्हणत असेल तर चार दिवस जाऊ द्या. फक्त तिला सोडायला स्वतः जा.